ओढणीतलं बी

“मुळं का कुजली?”

“पाणी जास्त झालं.”

“पाऊस?”

“पाऊस होताच. वर मीही घातलं.”

“श्रावणात?”

भर श्रावणात झारीने पाणी घालणारी बाई बुवांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

बुवा तवसं चिरत होते. पावसाळ्यातली ती हातभर काकडी, साल पिवळी पडलेली. पहिली फोड त्यांनी माझ्या कडेवरच्या मिनूला दिली. दुसरी देवीपुढे ठेवली.

“पुढे सांग,” ते म्हणाले. “गाऱ्हाणं घालायचं तर नीट घालू. देवीला अर्धवट सांगून चालत नाही.”

गाऱ्हाणं घालायलाच मी आले होते.

मिनू सातव्या महिन्यात जन्मली. तीन वर्षं झाली. इस्पितळात काचेच्या पेटीत होती, माझ्या एका तळहातात मावेल एवढी, तेव्हा मी नवस बोलले. ही घरी आली, की माझ्या हातच्या तेरड्याची गौर आणीन.

आमच्याकडे गौर म्हणजे मुखवटे नाहीत, उभ्या मूर्ती नाहीत. तेरड्याची पाच झाडं, फुलांची, मुळासकट. बायका ती रानातून उपटून आणतात. मी म्हटलं, मी लावीन. पेरीन, वाढवीन, फुलवीन, आणि मग आणीन.

पेटीच्या काचेला कपाळ टेकलेलं असताना माणूस काहीही बोलतो.

मिनू घरी आली. तेरडा आला नाही. दोन गौरी तशाच गेल्या. आज तिसरी. दुपारच्या आत गौर घरात यायची होती, आणि या वर्षी आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, गुडघा सुजला म्हणून ती मीच आणायची होती.

म्हणून सकाळीच घरातली चौदा माणसं आणि नारळाची अर्धी राहिलेली खोवणी तशीच टाकून मी वर सड्यावर, कातळमाथ्यावरच्या देवळात आले. एका कडेवर मिनू, दुसऱ्या हातात कुंडी. बुवांना एवढंच सांगायला, की देवीला सांगा, हिला जमलं नाही. हिला मोकळी कर.

बुवा नाथपंथी. या देवळात किती वर्षं आहेत, वाडीत कोणालाच सांगता येत नाही. लोक त्यांच्याकडे हरवलेली गुरं आणि न जुळणारी लग्नं घेऊन येतात. कुंडी घेऊन आलेली मी पहिलीच असणार.

“हे मागच्या वर्षीचं झालं,” बुवा म्हणाले. “त्याच्या आदल्या वर्षी?”

“उगवलंच नाही.”

“का?”

“खोल पेरलं. आणि…”

“आणि?”

“रोज उकरून बघत होते.”

“काय बघत होतीस?”

“उगवलंय का ते.”

बुवांनी सुरी खाली ठेवली. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

“एकसुद्धा नाही आलं?”

“थोडं आलं होतं, बुवा. वाफ्याच्या कडेला. ते मी उपटलं.”

“कशाला?”

“तण समजून.”

“तू शिकलेली ना गो?”

“एम.एस्सी.”

“कशात?”

…

“वनस्पतिशास्त्रात,” मी म्हटलं.

वाऱ्याने देवळाची घंटा थोडी हलली. वाजली नाही.

“बरं,” बुवा म्हणाले. “या वर्षीचं सांग.”

या वर्षीचं मी पाठ करूनच आले होते. बावीस रोपं आली होती. सात एकमेकांच्या सावलीत लांबुडकी होऊन मोडली. पाचांच्या पानांवर पांढरी भुकटी धरली. मी औषध फवारलं, तर ती पाच आणि शेजारची तीन करपली. मग कोणीतरी म्हणालं, फार हात लावू नकोस. मी आठ दिवस माहेरी गेले. परत आले तर पाच गोगलगाईंनी खाल्ली होती. एका रोपावर मिनूच बसली.

“म्हणजे ‘सोडून दे’ असं सांगणार असाल तर तेही करून झालंय,” मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच.

“मी कुठे काय म्हटलं?”

“नाही, सगळे तेच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, आई म्हणतात. सोडून दिलं की गोगलगाई येतात.”

“येतात,” बुवा म्हणाले.

इतक्या लगेच ते कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं.

“बाविसातलं हे एक उरलं,” मी कुंडी पुढे सरकवली.

झाड चांगलं कमरेएवढं होतं. देठ अंगठ्याएवढा जाड. तीन ठिकाणी सुतळीने काठीला बांधलेलं. पानं हिरवीगार, तळहाताएवढी. फूल नव्हतं. कळीही नव्हती. आज गौर, आणि याला कळीसुद्धा नव्हती.

बुवांनी मातीत बोट घातलं, नाकाशी नेलं.

“शेणखत किती?”

“निम्मं.”

“आणखी?”

“पेंड. आणि महिन्यातून एकदा ते… पुड्यातलं.”

“एवढं तर आम्ही देवीलाही घालत नाही.” त्यांनी बोट धोतराला पुसलं. “खाऊन सुस्त झालंय ते. फुलायची त्याला गरज काय?”

मिनूने काकडी संपवली होती. ती माझ्या कडेवरून खाली सरकू लागली. मी तिला पुन्हा वर घेतलं.

“चालत नाही ती?”

“चालते की. पण पडते.”

“पडली की?”

“उठते.”

“मग?”

“बुवा, ही वाट कशी झालीय बघितलीत का?” मी म्हटलं. खरं तर मला तो विषय बदलायचा होता. “दोन्ही बाजूंनी नुसता तेरडा माजलाय. पाय कुठे ठेवायचा दिसत नाही. ओली पानं अंगावर येतात. मिनू तर त्यात बुडूनच जाईल. पूर्वी अशी नव्हती हो वाट.”

“नव्हती,” बुवा म्हणाले.

“ग्रामपंचायतीने कोणाला तरी सांगून साफ करून घ्यायला हवी. मी घरात इतकं करते, एक फूल येत नाही. आणि तिथे, जिथे कोणाला नको, तिथे हे असं.”

“हं.”

“तुम्ही गाऱ्हाणं घाला ना, बुवा. उशीर होतोय. आई वाट बघत असतील.”

“सगळं सांगून झालं?”

झालं होतं. जवळजवळ.

“एक राहिलं,” मी म्हटलं. “पण ते काही महत्त्वाचं नाही. बी पुरत नाही. दर वर्षी आश्विनात मी इथूनच, सड्यावरून, बोंडं नेते. पिकलेलं बोंड हात लागला की तडकतं. घरी पोचेपर्यंत निम्मं बी गेलेलं असतं.”

“कशात नेतेस?”

“ह्याच ओढणीत.”

“दे बघू.”

ओढणी मी कमरेला बांधली होती. जुनी, सुती, एकेकाळी निळी. पेटीतून बाहेर काढल्यावर नर्सबाईंनी मिनूला माझ्या छातीवर ठेवलं आणि याच ओढणीने बांधलं होतं. उघड्या अंगाला उघडं अंग, असं दिवसाचे बारा तास. पुढे सहा महिने ती अशीच बांधलेली असायची. तशीच बांधून पहिल्या वर्षी मी बोंडं न्यायला आले होते. मग ओढणीचं एक टोक छातीशी, मिनूला. आणि दुसऱ्या टोकाच्या झोळीत बोंडं.

टाकून द्यायला हवी होती कधीच. टाकवत नाही.

बुवांनी ओढणी घेतली, दुहेरी केली, चारही टोकं माझ्या हातात दिली. मग देवीपुढच्या परातीतली मूठभर नाचणी तिच्यात ओतली.

“देवळाला एक फेरी घालून ये.”

“आता?”

“आता.”

“मिनूला…”

“दोन्ही हात लागतील,” बुवा म्हणाले. “तिला ठेव इथे.”

मी मिनूला पायरीवर बसवलं. बुवांनी तिला तवशाची आणखी एक फोड दिली. मी निघाले.

देऊळ लहान. फेरीला काय वेळ लागणार? तरी मागच्या बाजूला गेले, मिनू दिसेनाशी झाली, आणि माझी पावलं आपोआप भरभर पडू लागली. धावतच पुढे आले. मिनू होती तिथेच होती.

“आणलीस?”

मी ओढणी उघडली.

तळाशी चार-दोन दाणे होते.

बुवांनी ओढणी माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. इतकी वर्षं रोज धुतलेली ओढणी मी कधी उजेडात धरून बघितलीच नव्हती. मधोमध विरून तिची जाळी झाली होती. पलीकडचं आभाळ दिसत होतं.

मी मागे पाहिलं.

कातळाच्या फरशीवर, मी चालले तिथून, नाचणीची लाल बारीक रेघ गेली होती. कोपऱ्यावरून वळून देवळामागे. एक कोंबडी त्या रेघेवरून सावकाश येत होती, टिपत टिपत. जिथे मी धावले, तिथे रेघ विरळ होती. जिथे मागच्या कोपऱ्यावर थांबून मिनूकडे मान वळवली होती, तिथे छोटासा ढीग.

…

मग मी वाटेकडे पाहिलं.

देवळाच्या पायरीपासून वाट खाली वाडीत उतरते. वरून ती पूर्ण दिसते. सकाळी मी तिच्यातून चढून आले होते, अंगावर ओली पानं घेत, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत. वरून बघितली नव्हती.

गुलाबी, जांभळी, मधेच एखादं पांढरं. सडा सोडून बाकी उतारावर कुठेच तेरडा नव्हता, गवत होतं. फक्त वाटेच्या दोन्ही अंगांना, हातभर रुंद. वाट वळेल तशी वळत गेलेला.

सगळीकडे सारखा नव्हता. एका वळणावर दाट, मग विरळ, मग पुन्हा दाट.

ती वळणं मला ओळखता येत होती.

पहिल्या वर्षी मिनू तीन महिन्यांची होती. दर वळणावर मी थांबायचे. झोळी मांडीवर टेकवून ओढणीच्या आत बोट घालायचे, तिच्या नाकाखाली धरायचे. बोटाला श्वास लागला की पुढे निघायचे. पुढच्या वळणावर पुन्हा.

तेरडा तिथे तिथे दाट होता.

मी खाली बसले. पाय दुखत होते. पाय तीन वर्षांपासूनच दुखत होते, आज कळलं.

मिनूने पायरीवरून वाकून माझ्या केसांतलं एक तेरड्याचं पान काढलं आणि बुवांना नेऊन दिलं. बुवांनी ते देवीपुढे ठेवलं.

“पण हा मी लावला नाही, बुवा,” मी म्हटलं.

“मग कोणी?”

“कोणी नाही. सांडला.”

“मातीत कोणी दाबला?”

“गुरांनी असेल. रोज जातात-येतात.”

“पाणी?”

“पावसाने.”

“खत?”

मी हसले. नको असताना हसू आलं. “गुरांनीच.”

“आणि आणला कोणी?”

…

“मी.” माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. “पण मला कुठे माहीत होतं? मी तर घरी न्यायला निघाले होते. वाफ्यात लावायला. नवसाला असं सांडलेलं चालतं का, बुवा? मी काही केलंच नाही यात.”

बुवा उठले, देवीकडे तोंड करून उभे राहिले, हात जोडले.

“काय सांगू तिला?” त्यांनी मागे न बघता विचारलं. “तू सकाळी म्हणालीस, सांगा, जमलं नाही म्हणून. तेच सांगू?”



तीन वर्षं मी ते वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं. मिनूला ताप आला की तेच वाक्य. वजनाच्या काट्यावर तिला बसवलं की तेच. आता ते म्हणायचं होतं, तर जिभेवर येईना.

“थांबा,” मी म्हटलं. “मी आत्ता येते.”

मिनूला मी तशीच सोडून गेले, हे मला पहिल्या वळणावर पोचल्यावर आठवलं. मागे वळून पाहिलं. ती कोंबडीच्या मागे नाचणीच्या रेघेवरून चालत होती. पडली. बघत राहिले. उठली.

मी तेरड्याची पाच झाडं उपटली. उपटायला जोर लागला नाही. मुळं उथळ, कातळावरच्या बोटभर मातीत पसरलेली. देठ बारीक, लालसर. पानं बोटाएवढीच, दोन-तीन किडीने खाल्लेली. एकाला तर अर्धवट तुडवलेलं खोड होतं. आडवं पडून पुन्हा वर वळलेलं. सगळ्यांत जास्त फुलं त्यालाच होती.

पाचही घेऊन वर आले. मुळांवरून चिखल ओघळत होता. बुवांनी झाडांना हळद-कुंकू लावलं. मग तीच ओढणी झाडांच्या बुंध्यांभोवती गुंडाळली आणि जुडी माझ्या दोन्ही हातांत दिली. चांगली जड होती.

“कुंडी राहू दे इथे,” ते म्हणाले.

“जगेल?”

“बघू. काठी काढतो आधी.”

आमच्याकडे गौर आणणारीने तोंडात पाणी धरायचं असतं. उंबरठ्यावर पोचून पायांवर दूध-पाणी पडेपर्यंत ते गिळायचं नाही, टाकायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. आणखीही एक नेम आहे. आईंनी सकाळी निघताना तो दोनदा बजावला होता. मी ‘हो हो’ म्हणत चप्पल घातली होती.

बुवांनी तांब्या पुढे केला. मी आ केला. त्यांनी पाणी ओतलं.

गार होतं. गाल भरून आले.

तेवढ्यात मिनू आली आणि माझा कुडता ओढू लागली.

“आई, कडे.”

माझे दोन्ही हात भरलेले होते. तोंड भरलेलं होतं. मी बुवांकडे पाहिलं. मग वाटेकडे. वाट ओली होती, उतार होता, आणि दोन्ही बाजूंचा तेरडा मिनूच्या डोक्याच्याही वर गेलेला. मी मानेने मिनूकडे खूण केली, डोळ्यांनी विचारलं. तुम्ही येता का खालपर्यंत? निदान त्या मोठ्या वळणापर्यंत?

बुवांना खूण कळली असणार. ते पायरीवर बसले आणि त्यांनी उरलेलं तवसं पुढे ओढलं.

“चल गो बाय,” ते मिनूला म्हणाले. “आईच्या मागनं चालायचं. गौर नेताय तुम्ही.”

मिनूने कुडता सोडला.

मी एक पायरी उतरले. मागे बारीक पावलं वाजली, एक, दोन… आणि थांबली.

माझी मान वळू लागली.

“बाय,” मागून बुवांचा आवाज आला, सुरीच्या आवाजाइतकाच सावकाश, “गौर आणताना मागे वळून बघायचं नसतं.”